गाडीची निगा : थोड्या वेळात, थोड्या पाण्यात

व्यापारी कुटुंबात मोटारगाडी ही चैनीची वस्तू क्वचितच असते. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, तेथून दुकानात किंवा मार्केट यार्डात, दुपारी बँकेत, सायंकाळी एखाद्या नातलगाच्या घरी आणि सणासुदीला सहकुटुंब प्रवासाला, अशी सर्व कामे ती निमूटपणे करते. घरासाठी इतकी राबणारी ही वस्तू स्वच्छतेच्या बाबतीत मात्र बहुधा उपेक्षितच राहते. आठवडाभर तिच्यावर धूळ साचते. मग रविवारी कोणीतरी नळाला पाईप जोडून, धुण्याची पावडर आणि जुना बनियन घेऊन तिच्यामागे लागते. तास-दीड तास खर्च होतो, अंगण चिखलाने भरते, आणि गाडी वाळल्यावर काचेवर व बोनेटवर पांढरे ठिपके दिसतात ते वेगळेच.

ही सारी धावपळ बऱ्याच अंशी टाळता येते. योग्य क्रम आणि योग्य फडके एवढ्या दोनच गोष्टी सांभाळल्या, तर मध्यम आकाराची गाडी पाऊण तासात बाहेरून स्वच्छ होते. पाणीही तीन बादल्यांपेक्षा अधिक लागत नाही.

रंग म्हणजे भांडवल

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्याला गंजापासून वाचवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर अशी त्याची रचना असते. या वरच्या पारदर्शक थराला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, म्हणजे गाडीची सारी चकाकी केसापेक्षाही पातळ अशा आवरणावर अवलंबून आहे हे ध्यानात येते.

हा थर झिजला की पुन्हा वाढत नाही. पॉलिश करणारा कारागीर ओरखडे ‘काढतो’, म्हणजे वास्तविक ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच पातळीवर आणतो. प्रत्येक पॉलिशबरोबर थर थोडा कमीच होतो. म्हणून मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजावर भागवणाऱ्या जुन्या पेढीप्रमाणे रंगाचा हा थर राखावा लागतो. पुढे गाडी विकण्याची वेळ येते तेव्हा घेणाऱ्याची पहिली नजर इंजिनावर नव्हे, रंगावरच पडते.

कोरडे फडके : सर्वांत मोठा शत्रू

रंगाची हानी ऊन-पावसाने जितकी होते, तितकीच रोजच्या ‘झटकण्याने’ होते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात आणि वाळूतील गारगोटीचा अंश काचेपेक्षाही कठीण असतो. अशा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्यांतील बहुतेक अशाच पुसण्यातून उमटलेल्या असतात.

शहरांतील अनेक सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसण्यासाठी एखादा तरुण येतो. एका बादलीत आणि एका फडक्यात त्याला दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर ते पाणी आणि ते फडके दोन्ही मातीने भरून जातात. दोष त्या मुलाच्या हाताचा नसतो, त्याला दिलेल्या साधनांचा असतो. त्याच्या हाती आपल्या गाडीपुरती दोन स्वतंत्र मायक्रोफायबरची फडकी द्यावीत, गाडी रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदाच पुसावी आणि पुसण्यापूर्वी पाणी शिंपडावे असे त्याला समजावून सांगावे. रोज फक्त काचा आणि आरसे स्वच्छ केले तरी पुरे. त्याचे पैसे मात्र कमी करू नयेत. कमी पुसण्यात त्याचे श्रम वाचतात, तशी गाडीही वाचते.

पाण्याचा हिशेब

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ची पहिली खेप लातूरला पोहोचली होती. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घातली आणि नियम मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला. पाणी गाळून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, तेथे गाडीसाठी नळ सोडून देणे शोभत नाही.

पाईपमधून नेमके किती पाणी जाते हे पाहायचे असेल, तर घड्याळ लावून एक बादली भरून पाहावी. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरली, तर मिनिटाला दहा लिटर पाणी वाहते. वीस मिनिटे पाईप सुरू राहिला की दोनशे लिटर गेले. तेच काम पुढील पद्धतीने चाळीस-पंचेचाळीस लिटरमध्ये होते. त्यासाठी पावसाळ्यात साठवलेले किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही वापरता येते. मात्र यंत्राच्या या पाण्यात क्षार अधिक असतात. ते चाके, मॅट आणि पहिल्या धुलाईसाठी वापरावे, शेवटच्या खळाळण्यासाठी नव्हे.

तयारीत निम्मा वेळ वाचतो

गाडी धुण्यात वेळ जातो तो बहुधा वस्तू शोधण्यात. साबण स्वयंपाकघरात, फडके गच्चीवर, ब्रश मोरीत, असे असले की प्रत्येक वेळी उठबस होते. एका झाकणाच्या डब्यात किंवा जुन्या पेटीत पुढील वस्तू कायम ठेवाव्यात : दोन बादल्या, गाडीसाठीचा शॅम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, पुसण्यासाठी दोन मोठी आणि काचांसाठी दोन लहान मायक्रोफायबर फडकी, चाकांसाठी वेगळे फडके व मऊ ब्रश, आणि हाताने दाब देऊन चालणारा पाच लिटरचा फवारा. हा फवारा बागेच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतो. शेतीवरचा पाठीवरचा पंपही चालेल, परंतु त्यातून कधी तणनाशक किंवा कीटकनाशक फवारले असेल तर तो मुळीच वापरू नये.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण दूर ठेवावा. कपड्यांच्या पावडरीत सोड्याचा अंश असतो. गाडीवरचा मेणाचा संरक्षक थर ती उतरवते आणि रबरी पट्ट्या कोरड्या करते. गाडीचा शॅम्पू वरकरणी महाग वाटला तरी एका वेळी झाकणभर पुरतो.

धुण्याचा क्रम

वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी आणि गाडी सावलीत उभी असावी. बोनेटला हात लावून पाहावा. गरम असेल तर ते निवेपर्यंत आतील सफाई उरकून घ्यावी. तापलेल्या पत्र्यावर पाणी चटकन उडून जाते आणि त्यातील क्षार ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. बोअरचे पाणी असलेल्या घरी हा त्रास अधिक होतो.

प्रथम चाके धुवावीत. सर्वाधिक माती आणि ब्रेकची काळी भुकटी तेथेच असते. चाके शेवटी धुतली तर स्वच्छ झालेल्या दारांवर पुन्हा शिंतोडे उडतात आणि काम दुप्पट होते. चाकांचे फडके व ब्रश गाडीच्या अन्य भागाला कधीही लावू नयेत.

त्यानंतर संपूर्ण गाडीवर फवाऱ्याने पाणी मारून दोन-तीन मिनिटे थांबावे. माती फुगते आणि बरीचशी आपोआप ओघळते. या दोन-तीन मिनिटांत शॅम्पूची बादली तयार करावी. एका बादलीत शॅम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी असावे. हातमोजा शॅम्पूच्या पाण्यात बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मग साध्या पाण्यात खळबळून माती सोडवावी, पिळावा आणि नंतरच पुन्हा शॅम्पूत बुडवावा. दोन बादल्यांचे सारे रहस्य एवढेच आहे : रंगावरून निघालेली माती परत रंगावर जाऊ नये.

दिशा नेहमी वरून खाली. आधी टप, मग काचा, बोनेट व डिकी, मग दारांचा वरचा भाग, आणि दारांच्या खालच्या कडा व बंपर अगदी शेवटी. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत न्यावा. जोर देण्याची गरज नसते, मोज्याचे वजन पुरेसे असते. उन्हाळ्यात निम्मी गाडी धुऊन लगेच तेवढ्यावर पाणी मारावे, म्हणजे फेस वाळत नाही.

शेवटच्या वेळी पाईप वापरायचा झाला तर त्याचे तोंड अंगठ्याने दाबू नये. मंद, अखंड धार टपावरून सोडली की पाणी चादरीसारखे एकसंध घसरते आणि थेंब फारच थोडे उरतात. पुसण्याचा निम्मा वेळ येथे वाचतो. मग मोठे मायक्रोफायबर फडके पसरून अलगद ओढावे, घासू नये. दारे, डिकी आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतील कडा शेवटी पुसाव्यात, तेथे साचलेले पाणी पुढे गंजाला आमंत्रण देते.

काम झाल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नये. गल्लीतून एक फेरी मारून दोन-चारदा हलकेच ब्रेक दाबावा, म्हणजे ब्रेकच्या चकत्या वाळतात. टायर चमकवण्याचे द्रावण लावायचेच असेल तर ते फक्त बाजूंना लावावे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला ते लागले तर चाक घसरण्याचा धोका असतो.

ज्यांच्याकडे पाईपची सोय नाही किंवा गाडी चौथ्या मजल्याखालच्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांच्यासाठी ‘रिन्सलेस वॉश’ या नावाने मिळणारे द्रावण उपयोगी पडते. एका बादलीत ठरलेल्या प्रमाणात ते मिसळून ओल्या मायक्रोफायबरने पुसत जायचे, पुन्हा पाणी मारायचे नाही. साधी धूळ असेल तर हे काम वीस-पंचवीस मिनिटांत आणि एका बादलीत होते. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत वापरू नये.

डागांना ज्याचा त्याचा उपाय

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांत रंगावर कायमचा ठसा उमटवू शकते. ती नखाने खरवडू नये. ओले फडके त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावी. गाडीत पाण्याची लहान बाटली आणि एक फडके कायम असले, तर हे काम जागच्या जागी होते. झाडाचा चीकही ताजा असतानाच सहज निघतो. डांबराचे ठिपके ‘टार रिमूव्हर’ने मऊ करून पुसावेत आणि तो भाग शॅम्पूने धुऊन घ्यावा. क्षारांचे पांढरे ठिपके जुने नसतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसल्यास जातात. लगेच साधे पाणी मारायला विसरू नये.

साखर कारखान्यांच्या परिसरात गळिताच्या दिवसांत गाडीवर काळी काजळी बसते. ती हाताने पुसली की काळे पट्टे उठतात. तिला केवळ पाण्याचा फवारा किंवा हवेचा झोत द्यावा. हळदीच्या बाजारपेठेत वावरणाऱ्या गाड्यांचा प्रश्न निराळा. सीटवर सांडलेली हळद प्रथम व्हॅक्यूमने कोरडीच ओढून घ्यावी. ओल्या फडक्याने ती कापडात मुरते आणि साबणातील क्षाराने पिवळा डाग तांबडा होतो. उरलेला डाग थंड पाण्याने टिपून गाडी दारे उघडी ठेवून काही वेळ उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, हे घरातील गृहिणींना ठाऊकच असते.

आतील सफाई

आतही वरून खाली हाच नियम. पायाखालचे मॅट सर्वप्रथम बाहेर काढून धुवावेत, म्हणजे बाकीचे काम होईतो ते वाळतात. मग मऊ ब्रशने एसीच्या जाळ्या, गिअरभोवतीच्या फटी आणि सीटच्या शिवणी झाडाव्यात. खाली पडलेली धूळ शेवटी एकदाच व्हॅक्यूमने ओढावी. आधी व्हॅक्यूम आणि नंतर झाडणे, असे केल्यास व्हॅक्यूम दोनदा करावा लागतो.

डॅशबोर्डला ओलसर फडके पुरेसे असते. तेलकट चकाकी देणारी द्रावणे टाळावीत. त्यांचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि उन्हात गाडी चालवताना डोळ्यांना त्रास होतो. काचांसाठी दोन फडकी घ्यावीत, एक ओलसर आणि एक कोरडे. काच बाहेरून आडवी आणि आतून उभी पुसावी. मग राहिलेली रेघ आडवी की उभी, यावरून ती कोणत्या बाजूची आहे हे तत्काळ कळते. दाराची काच दोन बोटे खाली घेऊन तिची वरची कडा आधी पुसावी, ती नेहमी राहून जाते.

बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे एसीची हवा गाळणारा फिल्टर असतो. सूत आणि धान्याच्या धुळीत फिरणाऱ्या गाड्यांत तो लवकर भरतो. तो दोन-तीन महिन्यांनी काढून झटकावा आणि काळा पडला की बदलावा. लहान मुले व वृद्ध ज्या हवेत बसतात, ती येथूनच येते.

चकाकी आणि तिची सामग्री

धुतलेल्या, वाळलेल्या बोनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली, तर रंगात कण रुतलेले आहेत. ते काढण्यासाठी ‘क्ले बार’ नावाची मऊ वडी मिळते. पाण्यात शॅम्पू मिसळून त्या ओलाव्यावर ती अलगद फिरवावी. वडी जमिनीवर पडली तर निःशंकपणे टाकून द्यावी. वर्षातून एक-दोन वेळाच हे करावे.

त्यानंतर मेणाचा थर द्यावा. येथे खरेदी करताना थोडे जागरूक राहणे आवश्यक आहे. ‘कार्नोबा’ हे मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते, ते पूर्णतः वनस्पतिजन्य आहे. परंतु काही मिश्रणांत मधमाश्यांचे मेणही असते. त्याचप्रमाणे गाडी टिपण्यासाठी विकले जाणारे ‘शॅमी’ हे मूळचे कातडे आहे. आज ते बहुधा मेंढीच्या कातड्याचे असते, आणि त्याच नावाने कृत्रिम प्रकारही विकले जातात. वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. मायक्रोफायबर आणि कृत्रिम पॉलिमर सीलंट ही दोन्ही कामे उत्तम करतात, तेव्हा या बाबतीत तडजोड करण्याचे कारणच उरत नाही. सीलंट सामान्यतः मेणापेक्षा अधिक काळ टिकते. अशा थरावरून धूळ लवकर घसरते, पाणी थांबत नाही आणि पुढच्या प्रत्येक धुलाईचा वेळ कमी होतो.

मायक्रोफायबरची फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत, सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करणारे द्रावण त्यांना लावू नये, त्याने त्यांची पाणी शोषण्याची शक्ती जाते. फडके जमिनीवर पडले की त्याला चाकांच्या कामाला लावावे.

पावसाळ्यापूर्वी

मे महिन्याच्या अखेरीस अर्धा तास काढून तीन गोष्टी पाहाव्यात. समोरच्या काचेखाली वायपरच्या खाचेत साचलेली पाने काढावीत. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात, ती चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करावीत. वायपरची रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसावी आणि ती चिरली असेल तर बदलावी. कोकणातून, समुद्रकाठच्या प्रवासाहून परतल्यावर गाडीच्या तळाला आवर्जून गोड्या पाण्याचा फवारा द्यावा. खारी हवा पत्र्याला फार लवकर खाते. इंजिनावर मात्र कधीही पाण्याची धार सोडू नये. तेथील विद्युत जोडण्यांत पाणी शिरल्यास धुण्याच्या खर्चापेक्षा दुरुस्तीचा खर्च कितीतरी मोठा होतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळावा आणि चार्जिंग सुरू असताना ती धुऊच नये.

साधे वेळापत्रक

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे : काचा, आरसे, वायपर आणि आतला कचरा. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास : दोन बादल्यांची धुलाई. महिन्यातून एकदा अर्धा तास : आतील संपूर्ण सफाई. तीन-चार महिन्यांनी एक तास : मेण किंवा सीलंट. एवढे नियमाने केले तर गाडी कधीच इतकी मळत नाही की तिच्यासाठी अख्खा रविवार घालवावा लागेल.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा घरातल्यांनी वाटून घेतले तर अधिक लवकर उरकते. मोठ्यांनी टप आणि बोनेट घ्यावे, मुलांकडे चाके आणि मॅट सोपवावेत, आजोबांनी खुर्चीवर बसून कुठे राहिले ते दाखवावे. दुकानाच्या हिशेबात पै-पैची नोंद ठेवणाऱ्या घरातील मुलांना बादलीतल्या पाण्याचाही हिशेब ठेवता येतो, हे अशाच एखाद्या सकाळी अंगणात नकळत शिकून होते. आणि पाऊण तासात काम आटोपल्यावर उरलेला रविवार सर्वांना एकत्र मिळतो.